लेखापरीक्षकाची स्वाक्षरी आणि तिचे वाढते ओझे

कंपनीचा वार्षिक अहवाल हाती आला की बहुतेक भागधारक अध्यक्षांचे भाषण चाळतात, लाभांश किती जाहीर झाला ते पाहतात आणि अहवाल रद्दीत टाकतात. त्याच अहवालात बारीक अक्षरांतील काही पाने असतात. त्यांच्या शेवटी एका सनदी लेखापालाचे नाव, सदस्यत्व क्रमांक, ठिकाण आणि तारीख असते. हा झाला लेखापरीक्षकाचा अहवाल. कंपनी बुडाली किंवा बँकेवर निर्बंध आले की मात्र प्रत्येक जण आधी तीच पाने शोधतो आणि एकच प्रश्न विचारतो : या माणसाने सही केलीच कशी?

या प्रश्नाच्या दडपणाखाली २००९ नंतर आपल्या देशात लेखापरीक्षणाचे नियम जवळजवळ नव्याने लिहिले गेले. नियामक बदलला, शिक्षा कठोर झाल्या, संगणकामुळे तपासणीची साधनेही बदलली. सही करणाऱ्याला मिळणारा वेळ आणि मोबदला मात्र त्या प्रमाणात वाढला नाही. शिवाय ज्याची तपासणी करायची त्याच्याच हातून मानधन घेण्याची जुनी पद्धत तशीच राहिली. या व्यवसायासमोरील आजच्या बहुतेक अडचणींचे मूळ या विसंगतीत आहे.

सहीचा अर्थ काय?

मुळात लेखापरीक्षक हिशेब लिहीत नाही. हिशेब लिहिण्याची जबाबदारी संचालक मंडळाची असते. लेखापरीक्षक त्यावर मत देतो. ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक कंपनीच्या आर्थिक स्थितीचे ‘सत्य आणि वाजवी’ चित्र दाखवतात की नाही, एवढेच तो सांगतो. ‘अचूक’ हा शब्द तो वापरत नाही. वर्षभरातील प्रत्येक व्हाउचर पाहणे अशक्य असल्याने नमुने निवडून तपासणी होते आणि वाचकाचा निर्णय बदलू शकेल अशाच चुकीला महत्त्व दिले जाते. तो देतो ती हमी वाजवी असते, संपूर्ण नसते. सामान्य गुंतवणूकदाराची समजूत नेमकी याच्या उलट असते. सही आहे म्हणजे पैसा सुरक्षित आहे, असे तो धरून चालतो. या दोन समजुतींमधील दरी फार जुनी आहे.

इंग्लंडमधील किंग्स्टन कॉटन मिलच्या १८९६ च्या खटल्याचा दाखला वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना आजही पाठ असतो. गिरणीचा व्यवस्थापक वर्षानुवर्षे मालाचा साठा फुगवून दाखवीत होता आणि लेखापरीक्षकांनी त्याच्याच प्रमाणपत्रावर विसंबून ताळेबंद मंजूर केला होता. अपील न्यायालयाने लेखापरीक्षकांना जबाबदार धरले नाही. लेखापरीक्षक हा राखणदार कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे, हा त्या निकालातील दृष्टान्त पुढे शंभर वर्षे या व्यवसायाची ढाल बनून राहिला. ती ढाल आपल्याकडे ७ जानेवारी २००९ रोजी तडकली.

त्या दिवशी ‘सत्यम कॉम्प्युटर’च्या अध्यक्षांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबुली दिली. ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिल्लकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. येथे विचार करण्यासारखे एक आहे. बुडीत कर्जाचे मूल्यमापन, सदिच्छेची किंमत, भविष्यातील करदायित्व अशा बाबी वादग्रस्त असू शकतात. बँकेतील शिल्लक मात्र ताळेबंदातील सर्वांत सोपी रक्कम. ती खरी आहे की नाही हे ठरवण्यासाठी बँकेला पत्र लिहून उत्तर मागवायचे असते. अट एवढीच, की पत्र लेखापरीक्षकाने स्वतः पाठवावे आणि उत्तर थेट त्याच्याकडे यावे. कंपनीच्या टपालातून नव्हे. सत्यमचे समभाग अमेरिकेतील बाजारातही नोंदलेले असल्याने तेथील नियामकांनीही चौकशी केली. शिल्लक-पुष्टिपत्रांच्या या प्रक्रियेवर लेखापरीक्षकांनी नियंत्रण ठेवले नव्हते, असा ठपका ठेवून २०११ मध्ये त्यांनी भारतातील संबंधित पेढ्यांना एकूण ७५ लाख डॉलरचा दंड केला. हैदराबादच्या विशेष न्यायालयाने एप्रिल २०१५ मध्ये ज्या दहा जणांना दोषी ठरवले, त्यांत दोघे लेखापरीक्षक होते.

हा आपल्याकडचाच हलगर्जीपणा, असे मानण्याचे कारण नाही. जर्मनीतील ‘वायरकार्ड’ ही कंपनी २०२० मध्ये कोसळली, तेव्हा फिलिपिन्समधील बँकांत असल्याचे सांगितलेले १९० कोटी युरो कोठेच नव्हते. प्रकार तोच, आणि चुकलेली तपासणीही तीच.

मुंबईकरांना याहून जवळचे उदाहरण आठवत असेल. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले आणि ठेवीदारांना सुरुवातीला अवघे एक हजार रुपये काढण्याची मुभा मिळाली. एकाच बांधकाम उद्योगसमूहाला दिलेली सुमारे ६,५०० कोटी रुपयांची कर्जे, म्हणजे बँकेच्या एकूण कर्जांच्या सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम, २१ हजारांहून अधिक बनावट खात्यांच्या आड दडवली गेल्याचे उघड झाले. बँकेच्या तत्कालीन व्यवस्थापकीय संचालकांनी रिझर्व्ह बँकेला लिहिलेल्या पत्रातील एक खुलासा फारच बोलका होता. लेखापरीक्षकांकडे वेळ कमी असल्याने ते वर्षभरात वाढलेली नवी कर्जेच तपासत, सर्व खाती नव्हे, असा त्याचा आशय. आरोपीच्या बचावाला किती महत्त्व द्यायचे ते न्यायालय ठरवील. परंतु नमुना कोणता निवडला जाणार हे तपासले जाणाऱ्याला आधीच ठाऊक असेल, तर नमुना-तपासणीला अर्थ उरत नाही. पुढे या प्रकरणात लेखापरीक्षकांनाही अटक झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेतील १२२ कोटी रुपयांचा अपहार उघडकीस आला तो रिझर्व्ह बँकेच्या पथकाने तिजोरीतील रोकड मोजली तेव्हा. नोटा मोजण्याहून प्राथमिक तपासणी दुसरी कोणती असू शकते?

नियामक कोण?

सत्यमनंतर एक वेगळाच पेच उभा राहिला. चुकलेल्या लेखापरीक्षकाला शिक्षा कोणी करायची? १९४९ च्या सनदी लेखापाल कायद्यानुसार हा अधिकार इन्स्टिट्यूटच्या शिस्तपालन यंत्रणेकडे होता, आणि इन्स्टिट्यूटच्या परिषदेवरील बहुसंख्य सदस्य सनदी लेखापालांनीच निवडून दिलेले असतात. ‘सेबी’ने जानेवारी २०१८ मध्ये सत्यमच्या लेखापरीक्षक पेढ्यांच्या जाळ्यावर सूचीबद्ध कंपन्यांचे काम करण्यास दोन वर्षांची बंदी घातली, पण सप्टेंबर २०१९ मध्ये रोखे अपील न्यायाधिकरणाने ती रद्द ठरवली. घोटाळ्याला दहा वर्षे उलटून गेल्यानंतरही अधिकारक्षेत्राचाच वाद चालू होता.

दरम्यान २०१३ चा कंपनी कायदा आला होता. त्यात राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरणाची, म्हणजे ‘एनएफआरए’ची तरतूद होती. व्यवसायातून विरोध असल्याने ती पाच वर्षे कागदावर राहिली. अखेर १ ऑक्टोबर २०१८ रोजी प्राधिकरण स्थापन झाले. याच दिवशी मुंबईत राष्ट्रीय कंपनी विधि न्यायाधिकरणाने ‘आयएल अँड एफएस’चे संचालक मंडळ बरखास्त केले. नव्वद हजार कोटी रुपयांहून अधिक कर्ज असलेल्या या समूहाला अव्वल पतमानांकन होते आणि त्याचे हिशेब नामांकित पेढ्यांनी तपासलेले होते. नव्या नियामकाला पहिले मोठे काम या समूहानेच पुरवले.

‘एनएफआरए’ सूचीबद्ध आणि ठरावीक मर्यादेवरील मोठ्या कंपन्यांच्या लेखापरीक्षकांची चौकशी करते. दोषी व्यक्तीला मानधनाच्या पाचपट आणि पेढीला दहापटपर्यंत दंड, शिवाय सहा महिने ते दहा वर्षे व्यवसायबंदी अशा शिक्षा कायद्यात आहेत. तिच्या आदेशांचे वैशिष्ट्य असे की ते सविस्तर असतात आणि जाहीर केले जातात. कोणते कागद मागवले नाहीत, कोणता प्रश्न विचारला नाही, तपासणीच्या नोंदी कशा अपुऱ्या होत्या, हे नाव घेऊन सांगितले जाते. आजवर बंद दाराआड राहिलेले कामकाज यामुळे प्रथमच लोकांसमोर आले. मात्र तपास करणारा आणि न्याय देणारा एकच असावा का, हा आक्षेपही तितकाच रास्त आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये प्राधिकरणाची घटनात्मक वैधता मान्य केली. पण गुणवत्तेचे परीक्षण आणि शिस्तभंगाची कारवाई यांची यंत्रणा वेगळी नाही, या कारणावरून त्याने काढलेल्या अनेक नोटिसा रद्द केल्या.

कंपनी कायद्याने आणखी एक मोठा बदल केला तो लेखापरीक्षकांच्या सक्तीच्या फेरपालटाचा. सूचीबद्ध कंपनीत एका पेढीला पाच-पाच वर्षांच्या दोन मुदती, त्यानंतर पाच वर्षे विश्रांती. दीर्घ सहवासातून निर्माण होणारी जवळीक तोडणे हा हेतू. २०१७ मध्ये संक्रमणकाळ संपला तेव्हा काय झाले? इन्फोसिसने ‘केपीएमजी’शी संलग्न पेढीऐवजी ‘डेलॉइट’ची नेमणूक केली, तर टीसीएसने ‘डेलॉइट’ऐवजी ‘केपीएमजी’शी संलग्न पेढी घेतली. यात नियमबाह्य काहीच नाही. पण मध्यम आकाराच्या देशी पेढ्यांना मोठ्या कामांची दारे उघडतील, ही आशा बऱ्याच अंशी फोल ठरली.

राजीनामा हा मार्ग नव्हे

जबाबदारी वाढताच काही लेखापरीक्षकांनी दुसरी वाट धरली. २०१८ च्या उन्हाळ्यात अनेक सूचीबद्ध कंपन्यांच्या लेखापरीक्षकांनी मुदत पूर्ण होण्याआधीच राजीनामे दिले. कारण बहुधा एका ओळीचे : ‘आवश्यक माहिती मिळाली नाही’. राजीनाम्याची बातमी आली की समभाग कोसळे. नेमके काय बिनसले ते गुंतवणूकदाराला कळत नसे. ‘सेबी’ने ऑक्टोबर २०१९ मध्ये ही पळवाट अरुंद केली. तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांच्या आत राजीनामा देणाऱ्याने त्या तिमाहीचा अहवाल देऊनच जावे. त्यानंतर देणाऱ्याने पुढच्या तिमाहीचाही द्यावा. अपहाराचा संशय कळवण्याचे कर्तव्य राजीनाम्याने संपत नाही, असे ‘एनएफआरए’नेही २०२३ च्या परिपत्रकात बजावले. सर्वोच्च न्यायालयाने ‘आयएल अँड एफएस’ प्रकरणात त्याच वर्षी मेमध्ये दिलेल्या निकालाचा रोखही हाच आहे : राजीनामा दिला म्हणून कंपनी कायद्यातील कलम १४० (५) खालील कारवाई टळत नाही.

हे कर्तव्य कागदावर स्पष्ट आहे. एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक रकमेच्या अपहाराचा सबळ संशय आल्यास लेखापरीक्षकाने प्रथम संचालक मंडळाला किंवा लेखापरीक्षण समितीला कळवायचे, ४५ दिवस उत्तराची वाट पाहायची आणि पुढील पंधरा दिवसांत केंद्र सरकारकडे अहवाल धाडायचा. प्रत्यक्षात मात्र ज्या संचालकांविषयी संशय आहे त्यांच्याच टेबलावर पुढच्या वर्षीच्या मानधनाचा प्रस्ताव असतो. मोठ्या पेढीला एक अशील गमावणे परवडते. नाशिक किंवा सोलापूरच्या तीन भागीदारांच्या पेढीला ते सहज परवडत नाही. मानधनाचे किमान दर इन्स्टिट्यूट सुचवते. पण ते बंधनकारक नाहीत आणि कमी दरात सही देणारा शेजारी कोणी ना कोणी सापडतोच. याचे लहान रूप आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेतही दिसते. पाणीगळतीवर दीड तास चर्चा होते आणि लेखापरीक्षक नेमण्याचा विषय ‘गेल्या वर्षीचेच, त्याच मानधनात’ या सूचनेसह दोन मिनिटांत मंजूर होतो.

समूह-लेखापरीक्षणाच्या मानकावरून पेटलेला वादही याच अंगाने पाहायला हवा. एखाद्या कंपनीच्या वीस उपकंपन्या असतील आणि त्यांचे लेखापरीक्षक वेगवेगळे असतील, तर मुख्य कंपनीच्या लेखापरीक्षकाने इतरांच्या अहवालांवर विसंबून राहावे, अशी मुभा इन्स्टिट्यूटच्या ‘एसए ६००’ या मानकात होती. घोटाळे बहुधा लांबच्या उपकंपनीत दडवले जातात. म्हणून संपूर्ण समूहाची जबाबदारी मुख्य लेखापरीक्षकाने घ्यावी, अशी सुधारणा ‘एनएफआरए’ने २०२४ मध्ये सुचवली. इन्स्टिट्यूटने कडाडून विरोध केला. मुख्य लेखापरीक्षक दुसऱ्याच्या कामाची जोखीम पत्करण्याऐवजी सर्व उपकंपन्यांचे काम आपल्याच पेढीकडे ओढेल आणि लहान पेढ्या बाहेर फेकल्या जातील, ही भीती.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. तरीही गुंतवणूकदाराच्या दृष्टीने तत्त्व ‘एनएफआरए’च्या बाजूचे आहे. ज्याच्या सहीने समूहाचा ताळेबंद बाजारात जातो त्याने ‘तो भाग माझा नव्हता’ म्हणू नये. लहान पेढ्यांच्या प्रश्नावर वेगळा तोडगा निघू शकतो आणि रिझर्व्ह बँकेने तो एप्रिल २०२१ मध्ये दाखवलाही आहे. पंधरा हजार कोटी रुपये किंवा अधिक मालमत्ता असलेल्या बँका व वित्तसंस्थांना किमान दोन पेढ्यांकडून संयुक्त लेखापरीक्षण सक्तीचे, आणि मुदत फक्त तीन वर्षे. दोन परक्या पेढ्यांनी एकाच कागदावर सही करायची म्हटले की दोघेही अधिक काळजीपूर्वक वाचतात.

यंत्र सर्व काही पाहते तेव्हा

नमुना-तपासणीची जुनी सबब आता यंत्रामुळेच दुबळी होत चालली आहे. पूर्वी खातेवह्यांचे गठ्ठे आणि लाल-हिरव्या पेन्सिली घेऊन आर्टिकलची मुले बसत. आज संगणक प्रणाली वर्षभरातील लाखो नोंदी काही तासांत चाळू शकते. सुटीच्या दिवशी मध्यरात्री केलेली नोंद, मंजुरीच्या मर्यादेच्या जेमतेम खाली ठेवलेल्या रकमा, दोन पुरवठादारांचे एकच बँक खाते, अशा विसंगती ती बाजूला काढते. मग ‘ती नोंद आमच्या नमुन्यात आली नव्हती’ हे उत्तर न्यायालयात किती काळ टिकेल? कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे लेखापालांच्या नोकऱ्या जातील, अशी चर्चा फार होते. जबाबदारीची व्याप्ती त्यामुळे रुंदावते, ही बाजू कमी बोलली जाते. यंत्र संशय दाखवते. व्यवस्थापनाला अवघड प्रश्न विचारण्याचे काम माणसालाच करावे लागते.

आणखी एक साधा दिसणारा नियम फार परिणामकारक ठरू शकतो. दोनदा लांबणीवर पडल्यानंतर १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक कंपनीला अशीच हिशेब प्रणाली वापरावी लागते, जी प्रत्येक नोंदीतील फेरफार तारखेसह टिपून ठेवते आणि जिची ही सोय बंद करता येत नाही. पूर्वी वर्ष संपल्यावर मागील तारखेची नोंद पुसून नवी घालणे लहान कंपन्यांत सर्रास चाले. त्याचा माग राहत नसे. आता हा माग वर्षभर चालू होता का आणि त्यात ढवळाढवळ झाली का, हे लेखापरीक्षकाला अहवालात लिहावे लागते. हिशेब प्रणालीचा कारभार समजून घेतल्याशिवाय हे लिहिता येत नाही, आणि पन्नाशीतल्या अनेक लेखापालांचे शिक्षण पूर्णपणे कागदावर झालेले आहे.

लहान पेढीचे उत्पन्न मात्र आटत आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा त्यासोबत सनदी लेखापालाने प्रमाणित करायचे लेखापरीक्षणही आले होते. २०२१ मध्ये ते रद्द होऊन व्यापाऱ्याचे स्वयंप्रमाणन पुरेसे ठरले. करलेखापरीक्षणाची उलाढाल मर्यादा एक कोटी रुपये होती. रोखीचे व्यवहार पाच टक्क्यांच्या आत ठेवणाऱ्या व्यवसायांसाठी ती २०२० मध्ये पाच आणि २०२१ मध्ये दहा कोटी झाली. डिजिटल व्यवहारांना उत्तेजन म्हणून हे योग्यच. पण गल्लीतल्या सीएचा हक्काचा हंगाम त्यात गेला. उरले ते विवरणपत्रे भरण्याचे काम, आणि त्यांतील पुष्कळ माहिती कर खात्याच्या संकेतस्थळावर आधीच भरलेली असते. त्यातच १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या कायद्यासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. वर्षानुवर्षे जिभेवर बसलेले कलमांचे क्रमांकही त्यामुळे पुन्हा पाठ करणे आले.

मनुष्यबळाची चणचण वेगळीच. १ जुलै २०२३ पासून आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा दिलासा आहे. पेढीच्या दृष्टीने मुलगा बँक-जुळवणी, साठा-मोजणी आणि अशिलाशी बोलण्याची रीत शिकून तयार होतो न होतो तोच त्याचा निरोपसमारंभ येतो. पदवी हाती पडल्यावर पुण्यातील किंवा बंगळुरूतील बहुराष्ट्रीय कंपन्यांची सेवा केंद्रे त्याला जे वेतन देतात, ते लहान पेढीला देणे शक्य नसते. इन्स्टिट्यूटची सदस्यसंख्या चार लाखांहून अधिक आहे. पण ताळेबंदावर सही करण्याची जोखीम पत्करणारे त्यांतील काहीच.

राहिली ती खोट्या सहीची गोष्ट. कर्ज मिळवण्यासाठी, व्हिसासाठी, निविदेसाठी सनदी लेखापालाच्या नावाने बनावट शिक्के मारलेली प्रमाणपत्रे सर्रास फिरू लागली होती. त्याला आळा घालण्यासाठी इन्स्टिट्यूटने फेब्रुवारी २०१९ पासून प्रमाणपत्रांवर आणि १ जुलै २०१९ पासून लेखापरीक्षणाच्या सर्व अहवालांवर ‘यूडीआयएन’ हा अठरा अंक-अक्षरांचा क्रमांक सक्तीचा केला. पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे सहा सदस्यत्व क्रमांकाचे, उरलेले दहा प्रणालीने दिलेले. आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या अहवालाखालचा हा क्रमांक इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पडताळता येतो. तो अहवाल खरोखर त्याच सदस्याने नोंदवला आहे का आणि नोंदवताना कोणते आकडे दिले, एवढे त्यावरून कळते. तेथील आकडे आणि हातातील कागदावरील आकडे जुळत नसतील, तर पुढचा प्रश्न वार्षिक सभेत विचारायचा असतो.